बाहेर उणे 20, घरात फर्नेस, आणि ऑर्किडच्या कळ्या गळतायत

गवतफूल (मिनियापोलिस)

नमस्कार मंडळी,

जुने धागे चाळले, पण ऑर्किडचे बहुतेक सल्ले पुण्या-मुंबईच्या बाल्कनीसाठीचे आहेत. माझी अडचण वेगळी आहे. आम्ही मिनियापोलिसच्या उपनगरात राहतो आणि हा आमचा इथला पहिलाच हिवाळा. संक्रांतीच्या सुमारास किराणा दुकानातून एक पांढरं मॉथ ऑर्किड आणलं, म्हणजे तेच आपलं फॅलनॉप्सिस. दांड्यावर खालची फुलं उमललेली, वर टपोऱ्या कळ्या. फुलं अजून शाबूत आहेत, पण कळ्या एकेक करून पिवळ्या पडतात, सुरकुततात आणि हात लावला की गळतात. पानंही पहिल्यासारखी ताठ नाहीत, लुळी पडल्यासारखी वाटतात.

बाहेर उणे 20 सेल्सियस. फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, दिवसरात्र चालू, घरात 21 अंश. आर्द्रतामापक आणला तर तो 18 टक्के दाखवतोय! माझेच ओठ फुटलेत, दाराच्या मुठीला हात लावला की विजेचा चटका बसतो, मग त्या बिचाऱ्याचं काय होत असेल?

आतापर्यंत केलं ते असं: कुंडीखाली गारगोट्यांचा ट्रे ठेवून त्यात पाणी घातलं. पानांवर दिवसातून दोन-तीनदा फवारा मारते. ह्युमिडिफायर लावून पाहिला, तर खिडकीच्या काचांवरून पाणी ओघळायला लागलं आणि सकाळी चौकटीत बर्फ! नवरा म्हणतो, एका फुलासाठी घर कुजवू नकोस. कोल्हापूरहून आई व्हिडिओ कॉलवर सांगते, झाड तहानलंय, रोज पाणी घाल. दुकानातल्या कार्डावर लिहिलंय, आठवड्याला बर्फाचे तीन खडे. कुणाचं ऐकू?

कुंडी ओट्यावर आहे, पूर्वेच्या खिडकीजवळ. फर्नेसची गरम हवा सोडणारा जमिनीतला झरोका, म्हणजे व्हेंट, तिथेच खाली आहे. ओट्यावर दुसरं काही नाही, फळांची टोपली सोडून.

कुंडीवाली (पुणे)

तांदळाचं धुवण घाला हो, आठवड्यातून दोनदा! माझी सगळी झाडं त्यावरच आहेत. आणि शेजारी ओला पंचा वाळत घाला. डिसेंबरात आमच्याकडेही दुपारी हवा कोरडी होते, तेव्हा मी तेच करते. फवारा मात्र अजिबात थांबवू नका.

डक्टवाले काका (शिकागो)

गवतफूल, मी नोकरीभर इमारतींचे हवा खेळवायचे डक्ट आखले आणि आता घरात ऑर्किडं सांभाळतो. त्यामुळे तुझा प्रश्न दोन्ही बाजूंनी माझाच आहे. (एकेरीत लिहितोय, माझी मुलगी तुझ्याच वयाची असेल. चालत नसेल तर सांग.)

आधी त्या 18 टक्क्यांचं बघू. उणे 20 ला बाहेरच्या एक घनमीटर हवेत पाण्याची वाफ मावते जेमतेम 1 ग्रॅम. तीच हवा फटीफटींतून घरात शिरते, फर्नेस तिला 21 अंशांवर नेतो, आणि आता तिच्यात 18 ग्रॅम मावू शकतात. असतो मात्र तोच 1 ग्रॅम. म्हणजे आर्द्रता 5-6 टक्के. तुझ्याकडे 18 दिसतात ते तुमच्या अंघोळी, कुकरच्या शिट्ट्या आणि श्वासोच्छ्वासामुळे. लोक फर्नेसला शिव्या देतात की तो हवा सुकवतो. तो काहीच सुकवत नाही, फक्त तापवतो. हवा बाहेरच कोरडी होती. बाहेर शून्य अंश असतं तेव्हा हेच गणित 26 टक्क्यांवर येतं, म्हणून मार्चमध्ये झाडांना आपोआप बरं वाटायला लागतं.

आता ट्रे. तुझी खोली 12 बाय 14 फूट आणि 8 फूट उंच धरतो, साधारण 38 घनमीटर. 20 वरून 50 टक्क्यांवर जायचं तर हवेत 200 ग्रॅमच्या वर पाणी घालावं लागेल. इथवर ठीक, पण घराची हवा बदलत राहते. दोन तासांत एकदा बदलते असं धरलं तरी दिवसाला अडीच लिटर नुसती पातळी टिकवायला लागतात, आणि स्वयंपाकघर उघडं असेल तर त्याहून बरंच जास्त. गारगोट्यांच्या ट्रेमधून दिवसाकाठी उडतं वाटी-दीड वाटी. गळक्या टाकीत वाटीनं पाणी ओतण्यातला प्रकार. ट्रे दिसायला छान दिसतो, राहू दे. कुंडीचं बुड पाण्यात बुडत नाही एवढं फक्त बघ.

मग मोठा ह्युमिडिफायर? तुझे यजमान बरोबर बोलतायत. उणे 20 ला घरात 25 टक्क्यांच्या फार वर गेलीस की काचेच्या कडांवर, जिथे काच सगळ्यात गार असते तिथे, पाणी धरतं. ते चौकटीच्या लाकडात मुरतं आणि मग बुरशी. म्हणजे घराला हवेत 25 आणि झाडाला हवेत 50. हे भांडण तू सबंध घरापुरतं कधीच जिंकणार नाहीस, म्हणून ते लढूच नकोस.

आणि खरं सांगू? तेवढी गरजही नाही. फॅलनॉप्सिसचं एक बरं असतं, त्याच्या पानांवरची रंध्रं मुख्यतः रात्री उघडतात. दिवसा ती मिटलेली, पानांवर मेणाचा थर, त्यामुळे दुपारच्या कोरड्या हवेत ते आपलं पाणी बऱ्यापैकी राखून असतं. हवा सांभाळायचीच तर रात्रीची सांभाळ, आणि ती फुकटात सांभाळता येते. थर्मोस्टॅट रात्री 21 वरून 16-17 वर आण. हवेतलं पाणी तेवढंच राहतं, पण गार हवेत वाफ कमी मावते, म्हणून 20 टक्क्यांचे 27 होतात. गॅसचं बिलही कमी येतं. शिवाय काही आठवडे अशा गार रात्री मिळाल्या की फॅलनॉप्सिस नवा दांडा काढायला तयार होतं. आपल्या घरांत ती वर्षानुवर्षं नुसती पानंच काढत बसतात, त्याचं एक मोठं कारण म्हणजे बारा महिने एकसारखं ठेवलेलं उबदार घर.

तुझ्या वर्णनात मला आर्द्रतेपेक्षा जास्त खटकलेल्या गोष्टी वेगळ्याच आहेत. पहिली म्हणजे व्हेंट. त्यातून येणारी हवा खोलीपेक्षा बरीच गरम आणि अर्थातच आणखी कोरडी असते, वर ती वाऱ्यासारखी लागते. 18 टक्के स्थिर हवा झाड सोसतं, 18 टक्क्यांचा झोत सोसत नाही. हार्डवेअरच्या दुकानात व्हेंटवर बसवायची प्लास्टिकची चुंबकी झडप मिळते, झोत दुसरीकडे वळवणारी. ती आणेपर्यंत आज रात्रीच कुंडी तिथून हलव. पूर्वेची खिडकी उत्तम आहे, पण पान काचेला टेकू देऊ नकोस, टेकलेला भाग गारठून काळा पडतो.

दुसरी, फळांची टोपली. तू ती सहज लिहून गेलीस. पिकणारी केळी आणि सफरचंदं इथिलीन वायू सोडतात आणि ऑर्किडच्या कळ्यांना ते अजिबात सोसत नाही. हिवाळ्यात खिडक्या बंद, म्हणजे ते तिथेच घुटमळणार. टोपली दुसऱ्या खोलीत.

तिसरी गोष्ट विचारतोच. दुकानातून गाडीपर्यंत झाड कसं नेलंस? उघडंच? संक्रांतीला तुमच्याकडे जी थंडी असते तिच्यात वाहनतळ ओलांडण्याएवढा वेळही कळ्यांना पुरतो. त्याचा परिणाम लगेच दिसत नाही, काही दिवसांनी दिसतो. तसं असेल तर आत्ता गळणाऱ्या कळ्यांसाठी तू काहीही केलंस तरी त्या गळणारच. पुढच्या वेळी दुकानातच कागदात किंवा पिशवीत वरून खालपर्यंत गुंडाळून घे आणि गाडी आधी गरम करून ठेव.

फवारा बंद कर. हवा त्यानं काही मिनिटांपुरती ओली होते, पण पाणी ओघळून पानांच्या मधल्या पोंग्यात साचतं. 16 अंशांच्या रात्रीत तो पोंगा कुजला तर झाड संपलं, कारण फॅलनॉप्सिसला वाढीचा शेंडा तेवढा एकच. कुंडीवाली, पुण्यात उघड्या बाल्कनीत वारा ते पाणी वाळवतो म्हणून तुमचं निभावतं. तांदळाच्या धुवणाचं मात्र इथे काढू नका. बंद घरात त्याला वास येतो आणि चिलटं होतात.

बर्फाच्या खड्यांची ऑर्किडवाले मंडळी फार टिंगल करतात. ओहायो स्टेट आणि जॉर्जिया विद्यापीठातल्या लोकांनी त्यावर रीतसर प्रयोग करून 2017 मध्ये प्रसिद्ध केला आहे. झाडाच्या सालीच्या तुकड्यांत लावलेल्या फॅलनॉप्सिसला बर्फानं पाणी दिल्यामुळे फुलं टिकण्याचा काळ कमी झाला नाही. म्हणजे बर्फ हे काही विष नव्हे. माझा आक्षेप मोजमापाला आहे. आठवड्याला तीन खडे हा आकडा ज्या कुणी काढला, त्यानं तुझ्या घरातली हवा पाहिलेली नाही. आणि आईंचं ‘रोज’ही तितकंच आंधळं. पाणी कधी घालायचं ते कॅलेंडर सांगत नाही, मुळं सांगतात. सुकली की चंदेरी-करडी दिसतात, भिजली की हिरवी.

म्हणून आता एक काम कर. बाहेरची शोभेची कुंडी काढ, आतली प्लास्टिकची बाहेर घे, गड्डा हलक्या हातानं सोडव आणि मुळं कशी आहेत ते इथे लिही. लुळी पानं म्हणजे पाणी पानांपर्यंत पोचत नाहीये. ते कुंडीत नसल्यामुळे पोचत नाही की मुळंच उरली नाहीत म्हणून, हे वरून कळत नाही. दोन्हींची पानं अगदी सारखीच दिसतात.

जाता जाता, त्या मापकाची परीक्षा घे. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओलसर होईल एवढंच पाणी घाल, झाकण आणि मापक हवाबंद पिशवीत रात्रभर ठेव. सकाळी 75 दाखवायला हवं. 70 दाखवलं तर तुझे 18 खरं म्हणजे 23 च्या आसपास आहेत असं समज.

दशावतारी (सावंतवाडी)

काका, एवढा हिशेब! आमच्याकडे आंब्याच्या खोडावर सीतेची वेणी असते, तेही ऑर्किडच. दिवाळीनंतर पार जूनपर्यंत पाऊस नाही, कोणी पाणी घालत नाही, फर्नेस नाही नि मापक नाही. पावसाच्या तोंडावर अशी लोंबते की बघत राहावं. तुम्ही लोक लाड करून मारता झाडांना.

डक्टवाले काका (शिकागो)

सावंतवाडीला पाऊस नसतो, पण रात्री दव पडतं आणि समुद्र तासाभरावर आहे. तुमच्या ‘कोरड्या’ जानेवारीत जेवढी आर्द्रता असते, तेवढी गवतफूलच्या घरात न्हाणीघरातच मिळेल. शिवाय सह्याद्रीतली ऑर्किडं कोरडे महिने काढायला शिकलेली आहेत. तिथली कितीतरी डेंड्रोबियम पानं झाडून टाकतात आणि नुसत्या फुगीर दांड्यांतल्या साठ्यावर तग धरतात. फॅलनॉप्सिसला तसे दांडे नाहीत. ते मुळात फिलिपिन्स-इंडोनेशियाकडच्या दमट रानांतलं. त्याचा साठा पानांत आणि मुळांत, संपला की संपला.

सीतेच्या वेणीचा फोटो मात्र टाका यंदा.

रानवारा (कॅल्गरी)

काकांशी सहमत, दोन गोष्टींची भर घालते. आमच्याकडे चिनूक, म्हणजे डोंगरावरून उतरणारा कोरडा उबदार वारा, सुटला की हवा तुमच्याहूनही कोरडी होते.

एक म्हणजे लाल कोळी. कोरड्या गरम हवेत तो फोफावतो आणि दिसत जवळजवळ नाहीच. पानाची खालची बाजू पांढऱ्या ओल्या टिश्यूनं पुसून बघ. तांबूस-तपकिरी डाग उठला किंवा पानावर चंदेरी बारीक ठिपके दिसले तर आहे म्हणायचा. कोमट पाण्याच्या शॉवरखाली पानं खालून-वरून धुवायची, पोंगा टिश्यूनं टिपून कोरडा करायचा, काही दिवसांनी परत. नुसतं कीटकनाशक आणून मारू नकोस. कोळी हा कीटक नाही, सगळी औषधं त्याला लागू पडत नाहीत.

दुसरं, फॅलनॉप्सिस जमलं म्हणून लगेच ऑन्सिडियम किंवा मिल्टोनिऑप्सिससारखी दुसरी ऑर्किडं आणायला जाऊ नकोस. त्यांची पातळ पानं वाढताना पाणी किंवा ओल कमी पडली की त्यांना आडव्या चुण्या पडतात, बाजाच्या पेटीच्या भात्यासारख्या, आणि त्या पुढे जन्मात सरळ होत नाहीत. माझी अशी नाजूक मंडळी पारदर्शक प्लास्टिकच्या मोठ्या डब्यात आहेत. आडवा ठेवलेला डबा, झाकण किंचित उघडं, आत कॉम्प्युटरमधला जुना छोटा पंखा मंद चालू, वर एलईडी. घर 20 टक्क्यांवर आणि डबा 55-60 वर. खिडक्या कोरड्याच. पंखा हवाच, नाहीतर आत बुरशी ठरलेली.

गवतफूल (मिनियापोलिस)

काका, एकेरीच बरं वाटतं!

झाड उघडंच आणलं होतं. फळं जेवणाच्या टेबलावर हलवली, कुंडीही व्हेंटपासून लांब नेली. मापकानं मिठाच्या परीक्षेत 72 दाखवले.

मुळांचं सांगते. बाहेरच्या कडेची मुळं जाड, टणक आणि चंदेरी आहेत. पण मधोमध शेवाळासारख्या मॉसचा घट्ट दाबलेला गोळा निघाला, स्पंजासारखा ओला! वरून सगळं कोरडं खडखडीत होतं. त्या गोळ्यातली मुळं तपकिरी, दाबली की पचकन पाणी येतं आणि साल निघून आत दोरा राहतो. साधारण निम्मी मुळं तशी. शोभेच्या कुंडीला तळाला भोकच नव्हतं, खाली पाणी साचलेलं.

म्हणजे हवा कोरडी आणि मुळं बुडालेली, दोन्ही एकदम? आता फुलं असताना कुंडी बदलायची का? आणि आमच्या घरी सॉफ्टनर (जड पाणी मऊ करणारं यंत्र) आहे, ते पाणी चालतं का?

डक्टवाले काका (शिकागो)

हो, दोन्ही एकदम. इथल्या हिवाळ्यात बहुतेक फॅलनॉप्सिस असंच जातं. हवा कोरडी म्हणून माणूस पाणी वाढवतो, वरचा थर तासाभरात सुकतो, मधला गोळा कधीच सुकत नाही.

एरवी मी फुलांवर असलेलं झाड हलवत नाही. तुझं आत्ताच हलवायला हवं. कात्री गॅसच्या ज्योतीवर धरून घे. मऊ, पोकळ मुळं पूर्ण काप. टणक असलेलं एकही कापू नकोस, रंग कसाही असो. आतली मुळं उजेड न लागल्यामुळे पिवळट असतात, ती निरोगीच. मधला मॉस सगळा काढून टाक. मुळं मावतील एवढीच पारदर्शक कुंडी घे, तळाला आणि बाजूंना भोकं असलेली. मोठी घेऊ नकोस. ऑर्किडसाठी मिळणाऱ्या सालीच्या तुकड्यांत थोडा नवा मॉस मिसळून भर. आर्द्र प्रदेशातले लोक नुसती साल वापरायला सांगतात, पण तुझ्या घरात नुसती साल फार लवकर सुकेल. मॉस भिजवून घट्ट पिळून घ्यायचा आणि सैल घालायचा. दाबलास की पुन्हा तोच गोळा.

पाणी सकाळी. कुंडी कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेव, मग पूर्ण निथळू दे. कडेची मुळं चंदेरी झाली की पुढचं पाणी. फर्नेस चालू असताना ही वेळ चार-पाच दिवसांतच येईल, मे महिन्यात जास्त लागतील. कुंडीबाहेर लोंबणारी हवेतली मुळं असतील तर फवाऱ्याची हौस तेवढ्यांवर भागव, सकाळी, पानं वाचवून. खत सध्या नको. नवीन मूळ दिसलं की पाकिटावर लिहिलंय त्याच्या चौथा हिस्सा.

दांड्याबद्दल तू विचारलं नाहीस, पण सांगतो, काप. निम्मी मुळं गेलेल्या झाडाला फुलं पोसणं परवडत नाही. बुडाशी काप आणि फुलं ग्लासात पाण्यात ठेव, बरेच दिवस टिकतात. आठवड्याभरात पानं ताठ होतील अशी अपेक्षा ठेवू नकोस. खालचं पान पिवळं पडून गेलं तर घाबरू नकोस. हिरव्या टोकाचं नवीन मूळ हीच बरं होण्याची खूण. पुढचा दांडा लवकरात लवकर येत्या हिवाळ्यात, तोही रात्री गार ठेवल्यास तर.

सॉफ्टनरचं पाणी नको. त्यात चुन्याच्या जागी सोडियम येतं आणि ते सालीत साठत जातं. घराबाहेरच्या नळाचं पाणी सहसा सॉफ्टनरमधून जात नाही, पण तुमच्याकडे आत्ता तो नळ गोठलेला असणार. आरओचं पाणी असेल तर तेच वापर.

मापकाचे 3 वाढवून धर. म्हणजे तुझ्याकडे 21 टक्के आहेत, अगदीच वाईट नाही.

सेंटपॉलकर

गवतफूल, तुम्ही जवळच आहात म्हणून सांगतो. सेंट पॉलचं कोमो पार्कमधलं काचघर 1915 पासूनचं आहे, तिकीट नाही, स्वेच्छेनं देणगी टाकायची. फेब्रुवारीत ओठ फुटले की आम्ही तिथल्या ताडांखाली जाऊन बसतो. विंटर कार्निव्हलच्या काळात तिथेच ऑर्किडचं प्रदर्शन भरतं. यंदाचं हुकलं असेल तर पुढच्या जानेवारीत नक्की जा. तिथे ज्यांच्याकडून झाड घ्याल ते बाहेर नेण्याआधी स्वतःच कागदात गुंडाळून देतात.

गवतफूल (मिनियापोलिस)

दांडा कापला. नवऱ्यानं फुलं ग्लासात ठेवली आणि ग्लास व्हेंटवरच ठेवला, तोही हलवला. आईला मुळांचे फोटो पाठवले, ती म्हणते, अगं हे तर बुडवून मारलंयस.

एकच राहिलं. आरओ नाहीये. अंगणात बर्फ ढीगभर आहे, तो वितळवून घातला तर?

डक्टवाले काका (शिकागो)

चालेल, छान चालेल, त्यात क्षार जवळजवळ नसतात. बादलीभर बर्फाचं पाणी तांब्याभर होतं, त्या हिशेबानं आण. घरात ठेवून खोलीच्या तपमानावर येऊ दे, मगच घाल. आणि ड्राइव्हवेच्या किंवा रस्त्याच्या कडेचा घेऊ नकोस, तिथे मीठ टाकलेलं असतं. मागच्या अंगणातला घे.